नाना नदी ओलांडत नाहीत

एका गाण्याच्या अर्थावरून प्रत्यक्ष देवाशी भांडायला तयार असलेला माणूस वडूज पंचक्रोशीत एकच, आणि तो नेमका आमचा शेजारी. हवालदार नाना फौजेतून परतताना पेन्शन, ट्रंक आणि एक ख्रिस्ती भक्तिगीत घेऊन आले. मेघालयातल्या जोसेफ नावाच्या सोबत्यानं ते त्यांना बराकीत हिंदीतून शिकवलेलं. थकलेला वाटसरू भरल्या नदीपाशी येतो, देव त्याचा हात धरतो आणि शेवटच्या कडव्यात त्याला पैलतीरी, घरी नेतो, एवढंच ते गाणं. पण हे शेवटचं कडवं नानांनी चाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. मारुतीच्या देवळात भजनाला बसले की टाळ-पखवाजावर तीन कडवी दणक्यात म्हणायचे आणि ऐन रंगात हात वर करायचे. "आवं, येवढी भरल्याली नदी घावल्यावर पलीकडं जायाचं कशाला? हितंच घर बांधावं, मोटार बसवावी!" हा अर्थ सांगण्यात अर्धा तास जाई, पखवाजवाला तोवर पान जमवून, खाऊन मोकळा होई.

एकदा एका लग्नात साताऱ्याचे पाद्रीबाबा भेटले. त्यांनी शांतपणे समजावलं, "नाना, नदी म्हणजे मृत्यू. पलीकडे स्वर्ग."

नाना कळवळले. "तुमी कृष्णाकाठची मानसं. तुमास्नी पान्यात मरान दिसतं. आमच्या खटावात पानी नसलं की मरान!" पाद्रीबाबांनी जिलेबीकडे लक्ष वळवलं.

जोसेफशी तर दर रविवारी फोनवर याच मुद्द्यावर खडाजंगी. गेल्या फाल्गुनात त्याच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. जोसेफ अंथरुणाला खिळलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. त्याला गाणं ऐकायचं होतं, अख्खं. फोन मी धरला होता. तीन कडवी झाली आणि नाना थांबले. मला वाटलं, आता मोटार निघणार. पण त्यांनी डोळे मिटले आणि चौथं कडवं म्हटलं, एक शब्दही न समजावता. चाळीस वर्षांचं भांडण जिंकल्यासारखा जोसेफ हसला. दुसऱ्या दिवशी तो गेल्याचा निरोप आला.

नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. कपाकडे बघत म्हणाले, "पोचला असंल का रं पलीकडं?"

"पोचले असतील, नाना."

त्यांनी मान हलवली, पण चहाला काही हात लावेनात.

"न्हाई, त्येला पवाया येत न्हवतं."