महानंदाअक्काची साठ फूट बुडी

बंगळूर समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर लांब, त्यात तीन हजार फूट उंच. तरी महानंदाअक्का गेली एकोणीस वर्षं बनशंकरीतल्या एका दवाखान्यात, अंगाला पाण्याचा थेंब न लागता, बुड्या मारते आहे.

तिथं एक लोखंडी खोली आहे. दार लावून आत हवा भरली की खोल पाण्यातल्याइतका दाब होतो. रोजचे पेशंट म्हणजे मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमा. त्यांच्यासोबत आत बसायचं काम अक्काचं. मूळची निपाणीची, तोंडानं फटकळ. घाबरलेला माणूस तिच्या धाकानं तरी गप्प बसतो.

त्या सोमवारी सकाळी रक्षिताला दोघांनी उचलूनच आणलं. बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातली, सव्वीस वर्षांची. रविवारी मुरुडेश्वरजवळ पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात तीन बुड्या मारल्या आणि सोमवारी ऑफिस म्हणून त्याच संध्याकाळी गाडीनं घाट चढली. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो. वर येताना तो सावकाश निघून जावा लागतो, घाई केली की त्याचे बुडबुडे होतात. घाट चढणं म्हणजे आणखी वर येणंच, पण घरची ओढ लागलेल्याच्या डोक्यात हे कुठून येणार? शिमोग्याच्या पुढे तिचा उजवा पाय बधिर झाला. पहाटे तो उचलेनासा झाला.

"उशीर झालाय," डॉक्टर म्हणाले. "पाय परत येईल याची खात्री देत नाही."

दार लागलं. साठ फुटांचा दाब, बुडबुडे पुन्हा रक्तात विरावेत म्हणून पाच तास. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क मधूनमधून पाच मिनिटं काढायचा, तेवढंच बोलणं.

"अक्का, सील मासा नव्हे हं, आपल्यासारखाच श्वास घेणारा प्राणी," रक्षिता म्हणाली. "तो पाचशे मीटर खाली जातो, भर्रकन वर येतो. त्याला काही होत नाही."

"का गं?"

"बुडायच्या आधी तो श्वास सोडतो. खाली त्याची फुप्फुसं मिटून जातात, मग नायट्रोजन रक्तात शिरणार कुठून? लागणारा ऑक्सिजन रक्तात नि स्नायूंत साठवलेला. काळीजसुद्धा स्वल्प हळू चालतं."

अक्का थक्क झाली. एकोणीस वर्षं दाबाशी संसार केलेली बाई, पण श्वास सोडून खोलात जाणारा जीव तिच्या कल्पनेतही नव्हता. आपण जायचं तर छाती भरून घेतो आणि तिथंच फसतो. देवानं हे कुणाला शिकवलं बघा, असं तिला वाटलं आणि अंगावर काटा आला.

तिसऱ्या तासाला रक्षिताच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. तिनं मास्क ओढून काढला.

"अक्का, हललं! सरी, ठीक झालं, आता दार उघडा!"

"गप बस."

"मी बरी झाले की! पुरे झालं!" ती रडू लागली, भिंतीवर मुठी आपटू लागली.

अक्काच्याही मनात आलं, खूण करावी, सुटावी बिचारी. बाहेरचा ऑपरेटर काचेतून बघतच होता. तिनं हात मांडीखाली दाबून धरला.

"मी इथली दाबाची हवाच घेते, माझ्याबी रक्तात नायट्रोजन भरलाय," ती म्हणाली. "मलाबी उडी मारून वर येता येत नाही. तू सील नव्हंस, पोरी. बस माझ्याजवळ."

उरलेले दोन तास रक्षिता मास्क लावून तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. दाब इंचाइंचानं उतरला. दार उघडल्यावर अक्कानं तिला दंडाला धरून उभं केलं. रक्षितानं अनवाणी उजवा पाय खाली टेकला आणि चटकन वर घेतला.

"अक्का, फरशी गार हाय!"

फटकळ महानंदाअक्काला रडू कोसळलं.