लांब लेन्स आणि जर्दाळूचा मुरंबा

लग्नात काय घालायचं हे ठरवायला झूमार्तला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या कितीतरी पट वेळ त्या उन्हाळ्यात लेन्स निवडायला लागला. लग्नाचे कपडे सासऱ्यांनी दिले होते, त्यामुळे डोकं चालवायचा प्रश्नच आला नव्हता. लेन्स मात्र त्याच्या त्यालाच निवडायच्या होत्या, आणि स्वतःचं स्वतः ठरवायची वेळ आली की झूमार्त आणखी एक वाटी चहा मागायचा.

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावातला तो जुना फोटोग्राफर. शाळेच्या वर्गांचे फोटो त्याचे, लग्नांचे त्याचे, आणि माणूस गेल्यावर भिंतीवर लावायचा मोठा फोटोही त्याचाच. उन्हाळ्यात गाव रिकामं होऊन माणसं मेंढरांमागे वरच्या कुरणांवर गेली की तोही शेजाऱ्याची घोडी मागून त्यांच्या मागे जायचा. तंबूतंबूत मुक्काम, तंबूतंबूत फोटो, आणि तंबूतंबूत "अजून थोडं खा" हा आग्रह. उतरताना घोडीपेक्षा तोच जड झालेला असायचा.

पण आता मेंढपाळांच्या खिशातही फोन आले होते. मागच्या उन्हाळ्यात अर्ध्या तंबूंनी त्याला भरपूर खाऊ घातलं आणि फोटो मात्र काढून घेतला नाही. बायकोचा भाऊ सागिन बिश्केकच्या रस्त्यावर मिनीबस चालवायचा. त्याने दुसरी बस घेतली होती आणि तिचं चाक तो झूमार्तच्या हातात द्यायला तयार होता. शेवटी नवराबायकोत ठरलं, की या उन्हाळ्यात वरून कामं मिळाली तर ठीक, नाहीतर पानगळीला सगळ्या लेन्स विकायच्या आणि मुकाट बस चालवायची.

म्हणून यंदा लेन्स निवडणं म्हणजे गंमत नव्हती. रोज जेवणं झाली की झूमार्त जेवणाच्या कापडावरच चारही लेन्स मांडून बसायचा. भाकरीचे तुकडे एकीकडे, लेन्स दुसरीकडे.

"ठरलं का कुठली कापायची?" बुरुल वाट्या उचलत विचारायची.

चारही नेता येत नव्हत्या. घोडीवर टाकायची पडशी एकच, आणि तिच्याबाबत बुरुलचा कायदा होता: एक कप्पा तुझा, दुसरा लोकांकडे न्यायच्या भेटींचा. रिकाम्या हाताने कुणाच्या तंबूत शिरायचं म्हणजे फोटो काढायच्या आधीच तोंड काळं. चहा, साखर, सफरचंदं यांनी एक कप्पा भरला की झूमार्तच्या कप्प्यात बॅटऱ्या, सौरपाटी, त्याचे कपडे आणि जेमतेम एक लेन्स मावत होती. दुसरी कॅमेऱ्यावर चढवून गळ्यात.

मधली लेन्स शहरी लग्नांची, ती राहिली. वडिलांची जुनी रशियन लेन्स फोटोपेक्षा आठवणींसाठीच होती, ती त्याने पुसली आणि परत ठेवली. रुंद लेन्स न्यायचीच होती, कारण पोट तिच्यावर होतं. वर सगळ्यांना फोटो हवा असतो तो तंबूच्या आत, गाद्या-रजयांच्या उतरंडीपुढे. सुनेने माहेरून आणलेल्या रजया पेटीवर छतापर्यंत रचलेल्या, आणि पुढे सगळं कुटुंब पासपोर्टला बसल्यासारखं. तेवढ्याशा जागेत आजोबांच्या टोपीपासून किटलीपर्यंत सगळं मावतं ते फक्त रुंद लेन्समध्ये.

चौथी होती लांब लेन्स. तिला घरात सगळे 'गाय' म्हणत. बुरुलच्या माहेरची दुभती गाय विकून झूमार्तने ती घेतली होती, घोड्यांच्या खेळांचे फोटो काढून नाव करायला. नाव काही झालं नाही. बुरुल मात्र कुणी पाहुणा आला की विचारायची, "आमची गाय बघितली का? चारा लागत नाही तिला. दूधही देत नाही म्हणा."

"गाय नेतोय," शेवटी झूमार्त म्हणाला.

"ने. डोंगरावरचं गवत चांगलं असतं."

निघायच्या आदल्या दिवशी त्याने रुंद लेन्स नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, एका जाड मोज्यात गुंडाळली. जोडीतला दुसरा मोजा बुरुलने घेतला, कारण तिला धाकट्या बहिणीसाठी, नुरिपासाठी, जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी पाठवायची होती. काच म्हटली की काच, तिच्या दृष्टीने मुरंब्याची काय आणि कॅमेऱ्याची काय, म्हणून दोन्ही मोजे तिने भेटींच्या कप्प्यात शेजारीशेजारी खोचले.

सकाळी पडशी घोडीवर टाकली तर ती एका बाजूला ओघळायला लागली. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "बाइके, दादा, घोडी माझी आहे, जरा सरळ चालू दे तिला." बुरुल आत भाकरी बांधत होती. झूमार्तने जड बाजूला हात घातला, मोजा चाचपला, झाकण लागलं, आणि मनात म्हणाला, मेव्हणीला साखर आहे, चहा आहे, वर मुरंबा कशाला? मोजा गुपचूप पिठाच्या पेटीमागे सरकवला. पडशी सरळ झाली. बुरुलने बांधलेली भाकरी हातात देऊन निरोप दिला आणि झूमार्त हलक्या मनाने डोंगराला लागला.

पहिला मुक्काम नुरिपाचाच होता. तिची मुलगी मीरिम नुकती उभी राहायला लागली होती, आणि तिच्या पायांची दोरी कापायचा समारंभ झूमार्त येईपर्यंत थांबवला होता. मूल चालायला लागलं की पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, पोरांची शर्यत लावायची, आणि पहिल्या येणाऱ्याने ती कापायची. मुलीचा बाप उलान मॉस्कोत इमारती बांधत होता. त्याने मुलीला तान्ही पाहिली होती ती शेवटची. एरवी हाताशी असणारा नुरिपाचा फोन वसंतातच घोडीच्या दुधाच्या बादलीत पडून आंबला होता.

मेव्हणी म्हणजे जेज्देची, ताईच्या नवऱ्याची, चेष्टा करायचा पिढीजात परवाना. झूमार्त घोडीवरून उतरतोय तोवर नुरिपा म्हणाली, "जेज्दे, पोट आधी आलं, तुम्ही मागून आलात. मुरंबा कुठाय?"

"कसला मुरंबा?"

"एजेने निरोप पाठवला होता. पाठवतेय म्हणून."

"विसरली असेल," झूमार्त सहज म्हणाला. "वय झालं तुझ्या बहिणीचं."

"सांगते हं तिला, हे असंच्या असं."

आत नुरिपाची सासू सालिका आपा उतरंडीपुढे जाऊन बसली. तिच्या बाजूला दीर, जावा, त्यांची पोरं. सगळ्यांनी श्वास रोखले. झूमार्तने पडशीतून नमद्याचा मोजा काढला, बाही सावरली, मोज्यात हात घातला आणि सगळ्यांसमोर जर्दाळूचा मुरंबा बाहेर काढला.

 घोडीच्या दुधाचा बुधला ढवळणारी जाऊ ढवळायची थांबली.

"जेज्दे," नुरिपा हळूच म्हणाली, "आमच्या एजेचं वय झालं ना?"

मग जो हशा उठला, त्यात मीरिम दचकून रडायला लागली. झूमार्त हसला नाही. त्याच्या कानात सागिनच्या बसचा हॉर्न वाजत होता. पोटाची लेन्स पिठाच्या पेटीमागे राहिली होती आणि गळ्यात उरली होती गाय. परत जाऊन आणायची म्हणजे समारंभ टळणार, आणि शेजारच्या तंबूंत बातमी जाणार की फोटोग्राफर आला होता, मुरंबा देऊन गेला.

त्याने गाय डोळ्याला लावली. समोर सालिका आपाच्या कोटाचं एक बटण दिसलं. तो मागे सरकला, भिंतीला टेकला. दोन बटणं दिसली.

"आपा, बटण फार सुंदर आहे तुमचं," तो कसनुसा म्हणाला.

तो दाराबाहेर गेला. घोडी बांधायच्या दोरीपर्यंत गेला, तिथून ओढ्यापर्यंत. आता दारातून माणसं मावत होती, पण आत नुसता अंधार. तो परत आला आणि दारात उभा राहिला. खरं ते सांगून टाकायला तोंड उघडलं: "आपा, या लेन्सने आत काही होणार नाही. मला..."

"आत होणार नाही," सालिका आपा उठली, "मग बाहेर होईल. उचला रे."

"काय उचला?" दिराने विचारलं.

"पेटी. रजया. सगळं. माझा मुलगा तिकडे परमुलखात विटा उचलतोय, तुम्हाला चार रजया जड झाल्या?"

रजया वर्षातून दोनदाच बाहेर निघतात, कुरणावर येताना आणि उतरताना. भर उन्हाळ्यात त्या गवतावर निघालेल्या पाहून पलीकडच्या तंबूतून बाकित एजे झगा सावरत धावत आली. "काय झालं? सून माहेरी निघाली का? सालिका, मी तुला सांगत होते, जिभेला जरा आवर घाल!"

"फोटो काढतायत," सालिका आपा म्हणाली.

"रजयांचा? हवेशीर?"

पेटी गवतात ठेवली गेली, तिच्यावर लाल, हिरव्या, निळ्या रजया रचल्या गेल्या. झूमार्त ओढा ओलांडून समोरच्या चढावर गेला, वळला, आणि गाय डोळ्याला लावली.

तो तसाच थांबला. रुंद लेन्समध्ये मागचा डोंगर साखरेच्या खड्याएवढा दिसला असता. गाईने तो उचलून थेट रजयांच्या पाठीशी आणून ठेवला होता. लाल रजई संपली की लगेच बर्फ. जणू नुरिपाने माहेरून येताना डोंगरही आणला होता आणि उतरंडीत सगळ्यात वर घातला होता.

माणसं मात्र अजून लाकडासारखी बसली होती. "जरा हसा!" तो ओरडला.

"काय म्हणतोय?" पलीकडून आवाज आला.

"बसा म्हणतोय."

"बसलोच आहोत की!"

वारा शब्द खाऊन टाकत होता. झूमार्तने ओरडणं सोडलं आणि चढावर मांडी घालून बसला. थोड्या वेळाने पलीकडची माणसंही कंटाळली. दिराने टोपी काढून डोकं खाजवलं. जावांनी एका रजईवरच्या टाक्यांवरून वाद काढला. इतक्या लांब बसलेला माणूस फोटो काढतोय यावर कुणाचा विश्वास राहिला नाही, आणि हळूहळू ते त्याला विसरले.

मग सालिका आपाने मीरिमला उभं केलं. पायांना दोरी बांधली. पोरं ओढ्याकाठी रांगेत उभी राहिली, कुणीतरी टोपी उडवली आणि सगळी धावत सुटली. एका मुलीचा बूट चिखलात राहिला, तरी तीच पहिली पोचली. तिने सुरी फिरवली, दोरी तुटली. प्रथेप्रमाणे तिने मीरिमचे हात धरून तिला चालवायचं होतं. पण मीरिमने हात झटकला आणि एकटीच निघाली. वाकडी, घाईत, दोन्ही हात वर करून, थेट आईकडे. नुरिपा खाली गवतात बसली. ती हसत होती की रडत होती हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चढावर झूमार्तचं बोट चालत राहिलं. कॅमेरा डोळ्यापासून काढायला त्याला जरा वेळ लागला, कारण डोळा ओला होता आणि तो कुणाला दाखवायचा नव्हता.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याभोवती सगळ्यांनी डोकी घातली. सालिका आपाने आयुष्यात एकाही फोटोत दात दाखवले नव्हते. इथे ती तोंड उघडून हसत होती, मागे डोंगर, पुढे एकटी चाललेली नात.

"हे माझे दात?"

"तुमचेच, आपा."

तिने बराच वेळ पाहिलं. "इतके काही वाईट नाहीत," ती म्हणाली. "उलानला हाच पाठव. तिकडे भिंतीवर लावू दे."

 नुरिपाने मुरंब्याची बरणी उघडली आणि पहिला चमचा जेज्देला दिला. चेष्टा नाही, काही नाही. झूमार्तला तेच जास्त अवघड गेलं.

बाकित एजे मात्र पडदा सोडायला तयार नव्हती. "हा डोंगर," ती शेवटी म्हणाली, "खरं तर आमच्या तंबूमागचा आहे."

"डोंगर काय तुझ्या नावावर आहे?" सालिका आपा म्हणाली.

"आमची उतरंड हिच्यापेक्षा हातभर उंच आहे, तेवढं बघा. काय रे पोरा, उद्या येतोस का? अशाच लांबून काढायचा. हसायला सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बाकित एजेच्या रजया गवतावर निघाल्या. त्या पाहून पलीकडच्या तंबूवाल्यांनी आपल्याकडच्या उन्हात टाकल्या, म्हणे वास येत होता. त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जेवढ्या रजयांना ऊन लागलं, तेवढं आधी कधी लागलं नसेल. फोन सगळ्यांकडे होते. पण फोनला डोंगर उचलता येत नव्हता. झूमार्त ओढ्यापलीकडे बसायचा, त्याला इकडून ओरडून शिव्या घातल्या जायच्या, आणि मग लोक त्याला विसरायचे. विसरले की तो कामाला लागायचा.

गवत पिवळं पडताना तो खाली उतरला. दारात बुरुल उभी होती, हातात नमद्याचा मोजा.

"पेटीमागे सापडला," ती म्हणाली. "पीठ चाळायला गेले तेव्हा. तोवर तू खिंड ओलांडलेली. मी रडले, मग म्हटलं, जाऊ दे, बस तरी आहे. मुरंबा पोचला?"

"पोचला."

"आणि?"

त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला. ती उंबऱ्यावर बसली आणि एकेक फोटो पाहत गेली. नुरिपाच्या फोटोपाशी थांबली. मागच्या त्या रजया तिच्याच आईने शिवलेल्या होत्या. लाल रजईच्या एका कोपऱ्याला तिच्या लहानपणीच्या फ्रॉकचं ठिगळ होतं, तेही दिसत होतं.

तेवढ्यात सागिन आला, कमरेला किल्ल्या खुळखुळवत. "जेज्दे, बस दारात आणलीय. ठरलं ना मग?"

"बस परत ने," बुरुल मान वर न करता म्हणाली. "गाय दूध द्यायला लागलीय."

सागिनने वाकून पडदा पाहिला. एकदा फोटोकडे, एकदा स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"जेज्दे," तो आवाज खाली आणून म्हणाला, "बसशेजारी उभा राहिलो, आणि तुम्ही खूप लांब गेलात, अगदी त्या पुलापलीकडे, तर हे जरा कमी दिसेल का?"

झूमार्तने घोडीवरची पडशी उतरवून ठेवली आणि गाय गळ्यात अडकवून पुलाकडे चालू लागला.