डोणगावात रुमानियाच्या बाईंचं आख्यान

तमाम रसिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, रुमानियाच्या वाङ्मयाचा झेंडा मेहकर तालुक्यात रोवण्यासाठी प्रस्तुत लेखक एक वळकटी आणि खोकल्याची बाटली घेऊन पुण्याहून निघाला.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि गावोगावच्या वाचनालयांना व्याख्यानांचा ज्वर चढला होता. डोणगावकरांनी विषय विचारला, तेव्हा मी दोन महायुद्धांमधल्या एका रुमानियन लेखिकेचं नाव ठोकून दिलं. तिच्यावरचा एक लेख आणि तिच्या एक-दोन कथा मी इंग्रजीतून वाचल्या होत्या. पुण्यात याहून कमी भांडवलावर लोक संमेलनाध्यक्ष होतात.

जालन्याहून निघालेली एस.टी. देऊळगाव राजाला पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत बालाजीचं दर्शन आणि गरम भजी उरकली. पुढे दोन्ही अंगांना काळी जमीन आणि पांढरीशुभ्र फुटलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं).

डोणगावी मुक्काम शाळेतल्या शिक्षिका सुमनताईंकडे. भाकरी, वांग्याचं भरीत आणि असा ठेचा, की निम्मं व्याख्यान घशातच जळून गेलं. सुमनताई कथा लिहितात, हे जेवताना कळलं. एका मासिकाने त्यांची कथा घेतली होती, पण ती स्वतःच्या नावाने छापू द्यावी की नाही, यावरून घरात धुसफूस चालली होती. मासिकवाले उत्तरासाठी खोळंबले होते. घरातली भांडी घरातच घासावीत, असं सासूबाईंनी, म्हणजे जानकाबाईंनी, माझ्यादेखत बजावलं. सुमनताईंचे यजमान भरतातल्या बिया निरखत होते.

संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात व्याख्यान. बायका कीर्तनाला बसतात तशाच बसल्या, मांडीवर कापूस घेऊन, ऐकता ऐकता वाती वळत. मी कादंबरीतल्या मनोविश्लेषणावर घसा कोरडा केला आणि पाणी प्यायला थांबलो. तिथेच फसलो. कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवा थांबतात, त्यांना हार घालून बुक्का लावतात आणि मग आख्यान सुरू होतं. पुजाऱ्याने शांतपणे माझ्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला.

पुढे बसलेले एक म्हातारबा म्हणाले, "हं बुवा, आता गोष्ट येऊ द्या."

आलिया भोगासी! मी मनोविश्लेषण गुंडाळलं आणि बाईंचं आख्यान लावलं. न्यायाधीश नवऱ्याच्या बदल्यांमागे गावोगाव बिऱ्हाड हलवणारी, पोरांचं करता करता लिहिणारी बाई. पहिलं पुस्तक आलं तेव्हा चाळिशी उलटलेली. युद्धात ती आगगाडीने आलेल्या जखमींची शुश्रूषा करायची. पुढे राजधानीत एका समीक्षकाच्या घरी लेखक जमत, तिथे आपली न छापलेली पानं वाचून दाखवायची. बड्या घरांतली दुखणी, हेवेदावे, वारशाची हाव, सगळं तिने कादंबऱ्यांत मांडलं.

वाती वळणारे हात थांबले होते. जानकाबाईंनी विचारलं, "अन् तिची सासू काही म्हनत नव्हती काय?"

थाप मारायचा फार मोह झाला. ओठांवर एक रुमानियन सासू तयारच होती, मिशांसकट. पण सुमनताई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"ठाऊक नाही, मावशी," मी म्हणालो. "मी जे वाचलं, त्यात सासूचं नावसुद्धा नाही."

जानकाबाईंनी अर्धवट वळलेली वात उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून वळायला घेतली.

परतीच्या वाटेवर मी स्वतःशीच हसत होतो. एवढं त्या बाईंबद्दल कळवळून बोललो, पण त्यांच्या घरातल्या माणसांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला पुण्यात कधी पडलाच नव्हता. तो डोणगावात पडला, आणि ज्यांना पडला त्यांनी त्यावर रात्रभर विचारही केला असावा. कारण सकाळी सासू-सून दोघी मला पोचवायला आल्या, कंडक्टरने घंटी मारली, आणि जानकाबाई सुनेकडे वळून अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या:

"टाक तुहं नाव. पन गोष्टीत सासू आली, तं तिथं माहं बी नाव टाकजो!"