विहिरीतली पंगत

मौत का कुआ असं आम्ही घरात कधी म्हटलं नाही. नुसतं 'विहीर' म्हणायचो. जी वस्तू आपण हातानं उभी केली तिला मौत कशाला चिकटवायची? मी सुतार माणूस. शाळा दुसरीपर्यंत, पुढं रंधा. चोपड्याहून सागाच्या फळ्या आणून मी ती विहीर बांधली आणि माझ्या पाठच्या भावानं तिच्यात फटफटी चालवली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. उभ्या फळ्यांची गोल भिंत, दोन पुरुष उंच, बाहेरून लोखंडी तारेनं आवळलेली. बाहेरून जिना, वर गोल माडी. लोक माडीवर उभे राहून खाली वाकून बघायचे. तळाशी एक दार, आणि आत भिंतीला लागून फळ्यांची तिरपी चढण. त्या चढणीवरून गाडी भिंतीला लागायची आणि मग भिंतीवर गोल गोल फिरायची. लोक म्हणायचे, आता पडतो, आता पडतो. तो हात सोडून पागोटं सावरायचा. माझ्या विहिरीची एक फळी कधी निसटली नाही. हे मी आजही कोणासमोरही सांगतो.

धुळ्याच्या यात्रेत गाडीची चेन तुटली, तीही गाडी पार वर असताना. भावाच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा डावा पाय आखूड झालेला होता आणि हातात काठी होती. डॉक्टर म्हणाले चालेल-फिरेल. गाडीचं कोणी विचारलं नाही, कारण विचारायचा धीर आमच्यात एकालाही नव्हता.

पुढची यात्रा पारोळ्याची. मी म्हटलं, या खेपेला नुसता आपला फिरता पाळणा लावू आणि तुझ्या वहिनीची खानावळ. तो ओट्यावर पाय लांब करून बसलेला. काठी आपटून म्हणाला, "भाऊ, विहीर उभी कर. मी बससू गाडीवर. आज नही ते सकाय." म्हणजे आज नाही तर उद्या.

मी विहीर उभी केली. तो रोज सकाळी आत जायचा, फटफटी पुसायचा, एकदा सुरू करायचा आणि बंद करायचा. तेवढ्या आवाजानं लोक जिन्याखाली जमायचे. मग मी त्यांना सांगायचो, आज खेळ नाही. भर यात्रेच्या मधोमध एवढी मोठी विहीर आणि आत काही नाही.

खानावळीचं तेच. आम्ही तंबू ठोकलेला, आत बाकं, बाकांपुढं फळ्या. पण आमच्याकडं यात्रेला माणूस बैलगाडीत भाकरी बांधून येतो. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. गाडीच्या सावलीत फडकं सोडतो आणि तिथंच जेवतो. बाकावर बसून विकतचं जेवायचं म्हणजे त्याला वाटायचं आपण घरदार नसलेले आहोत. बायको दिवसभर चुलीपुढं बसायची आणि संध्याकाळी भाजी गायीला घालायची.

यात्रेच्या जागेचा ठेका दोंडाईच्याच्या एका मारवाडी शेठकडं होता. माणूस वाईट नव्हता, बोलायला तिखट होता. तो आला, आधी विहिरीकडं बघितलं, मग तंबूकडं.

"मिस्तरी, मोक्याच्या दोन जागा आणि दोन्ही रिकाम्या. पुढच्या यात्रेत इथं पितळी भांड्यांचं दुकान बसवतो. तुमची विहीर न्या घरी, धान्य भरा तिच्यात."

मी म्हटलं, "शेठ, तुमच्या भांड्यांना कोण ऐकतं? माझ्या विहिरीचा आवाज वेशीपर्यंत जातो."

"जात होता," तो म्हणाला.

भाऊ तिथंच बसलेला होता. त्यानं मान वर केली नाही. विहीर एकदा घरी गेली की हा पुन्हा उभा राहायचा नाही, हे मला तेव्हाच दिसलं. ती नुसती उभी राहणं हाच त्याचा आधार होता. म्हणून मी शेठला सांगितलं, "पुढच्या यात्रेत जागा भरलेली दिसेल." कशानं भरणार हे मला ठाऊक नव्हतं, पण शब्द दिला.

रस्ता बायकोनं काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी आणायला निघाली तर एक नवी नवरी बैलगाडीच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये वाकून बसलेली. तोंडावर पदर, पदराच्या आत भाकरीचा तुकडा. समोर सासरा आणि जेठ, म्हणजे थोरला दीर, जेवायला बसलेले. त्यांच्यासमोर सुनेनं तोंड हलवायचं नाही ही आमच्याकडची रीत. घरात चूल असते, आडोसा असतो. यात्रेच्या उघड्या माळावर आडोसा कुठला? कोरडा घास त्या पोरीच्या घशात अडकला आणि खोकलाही तिनं पदरातच दाबला.

बायको परत आली ती रिकामी घागर घेऊन. मला म्हणाली, "त्या पोरीले घास गिळाले जागा नही, आनि आपली विहीर रिकामी पडेल शे."

तिनं मला विचारलं नाही. भावाला विचारलं. "नाना, तिले मझार बसाडू का?" म्हणजे आत बसवू का. त्यानं फटफटीकडं बघितलं. मग उठला, लंगडत गाडी ढकलत बाहेर आणली आणि ताडपत्रीनं झाकली. "बसाड," एवढंच म्हणाला.

ती नवरी विहिरीत बसून पदर मागं टाकून जेवली. बायकोनं तिच्या भाकरीवर शेवभाजीचा रस्सा वाढला. दुसऱ्या दिवशी ती दोन जावांना घेऊन आली. तिसऱ्या दिवशी लेकुरवाळ्या आल्या. भाकरी तुमची, भाजी आमची, आणि पुरुषानं आत पाय ठेवायचा नाही. पंगत बसली की मीसुद्धा कधी ठेवला नाही. पातेलं दारातून आत सरकवायचो. आतून हसू यायचं. घरी सासूपुढं न बोललेलं सगळं त्या विहिरीत बोललं जायचं. एखादी मोठ्यानं हसली की ते फळ्यांवरून घुमून वरून बाहेर पडायचं आणि बाहेर तिचा सासरा मिशी चाचपत म्हणायचा, "कोनी शे ती?" कोणाची ते कोणालाच कळायचं नाही. शेठ एकदा येऊन दारातली चपलांची रास बघून गेला. भांड्यांचं पुन्हा निघालं नाही.

पण माडी उघडी होती. टारगट पोरं जिना चढून खाली वाकायला बघायची. म्हणून भाऊ जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसू लागला, काठी आडवी धरून. त्याच जिन्यापाशी उभं राहून त्यानं किती वर्षं लोकांना हाका मारल्या होत्या. चला वर, चला वर. आता तो लोकांना खाली उतरवत होता.

एकदा एक पोरगा त्याला म्हणाला, "लंगड्या, पहिले तूच वर बलावे ना? आते कसाले हाकलस?"

भाऊ शांतपणे म्हणाला, "पहिले मझार मी व्हतू. आते तुनी माय-बहीन शे. उतर खाले."

पोरगा उतरला. मी पाळण्याचा खिळा ठोकत होतो, हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली. अंगठ्याचं दुखणं सोसलं, त्याचं ते 'व्हतू' सोसलं नाही.

पुढच्या हंगामात बायका मावेनात. तळाची चढण आडवी येत होती. तिरप्या फळीवर बसलं तर माणूस घसरतं, ताट घसरतं. सगळ्या मधोमध दाटीनं बसायच्या आणि उरलेल्या दाराबाहेर उन्हात, पदर ओढून. भाऊ मला म्हणाला, "चढण काढी टाक."

मी म्हटलं, "ती चढण मी काढणार नाही. चढणीशिवाय ती विहीर नव्हे. मग गोठा बांध नि मोकळा हो."

"भाऊ, पाय मना शे. माले समजस."

पाय त्याचा, त्याला समजतं म्हणे. मी ऐकलं नाही. मला अजूनही वाटतं मी बरोबर होतो. हाडं जुळतात, माणसं पुन्हा बसतात गाडीवर, मी पाहिली आहेत. त्यानं माझ्याशी वाद घातला नाही. चोपड्याच्या यात्रेत मी बाजाराला मिरच्या आणायला गेलो. परत आलो तर विहिरीबाहेर फळ्यांची चळत लागलेली. चढणीची एकेक फळी त्यानं उपसली होती, बसून, तो पाय पुढं टाकून. खिळे सरळ करून एका डब्यात ठेवले होते. एकही फळी तडकू दिली नव्हती. सुताराच्या घरात वाढलेला तो. पातेलं सरकवताना दारातून दिसलं, आत बायका भिंतीला पाठ टेकून ऐसपैस बसल्या होत्या. त्या भिंतीवर, त्यांच्या डोक्यांच्या वर, टायरचा काळा पट्टा गोल फिरलेला होता.

मी मिरच्या बायकोकडं दिल्या आणि फळ्या एकेक उचलून सावलीत रचल्या. 

तो हंगाम संपवून तो सुरतेला निघाला. आमच्याकडची बरीच मंडळी तिकडं गिरणीत होती. फाटकावर बसायचं काम मिळणार होतं. फटफटी त्यानं विकली ती मला न सांगता. मी त्याला दोंडाईच्याच्या स्टेशनावर सोडायला गेलो. बायकोनं भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून दिलं होतं. आम्ही फलाटावर ते सोडलं आणि दोघं एका फडक्यावर जेवलो.

मी म्हटलं, "फळ्या जपून ठेवल्या आहेत. एका दिवसात ठोकतो चढण. तू फक्त म्हण."

त्यानं भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं सारली. मग म्हणाला, "जिन्यावर कोनले बसाडशी आते?"

मी म्हटलं, "मी बसेन."

"तू बसस व्हय!" तो हसला. "तू पोरेसले मारी टाकशी." आणि हसता हसताच त्यानं तोंड पलीकडं फिरवलं. गाडी आली. मी हात पुढं केला. त्यानं तो धरला नाही, दांडी धरून चांगल्या पायावर स्वतःच चढला.

त्यानंतर तो लग्नाकार्याला आला, दहाव्याला आला. यात्रेला आला नाही. मी जिन्यावर बसू लागलो. पोरांना मारलं नाही.