वणव्याच्या वाटेवरच्या खिडक्या

माझा धंदा दारं-खिडक्यांचा. दुबईत, जबल अलीतल्या एका कारखान्यात मी ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि काचा यांची डिझाइनं करतो. इतकी वर्षं करतोय की कुणाच्या घरी गेलो तर आधी खिडकीची कडी बघतो आणि मग यजमानाचं तोंड. बायकोला माझ्या या सवयीची लाज वाटते. वाटो. इथल्या टॉवरांमधल्या खिडक्या बघून मात्र मला हसू येतं, कारण त्या मुळात उघडायच्या नसतातच. चार बोटं तावदान सरकतं आणि अडतं. माणसं वर्षभर काचेआड राहतात आणि फिरायला मॉलमध्ये जातात.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, याचाच राग होता. त्याची उमेदीची सगळी वर्षं अबुधाबीत एका तेल कंपनीच्या नोकरीत गेली. मलाही इकडे आणलं त्यानेच. नोकरी संपत आली तेव्हा पुण्याला परतायचं नक्की होतं, पण ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या त्याच्या मुलाने शहरापासून लांब, डोंगरउतारावर जागा घेतली आणि आईवडिलांसाठी तिथे घर बांधायचं ठरवलं. दादाने मला जागेचा व्हिडिओ दाखवला. मागे निलगिरीचं दाट रान, थेट कुंपणापर्यंत आलेलं. "बघ, काय हवा असेल!" तो म्हणाला. मला हवा दिसली नाही, सरपण दिसलं.

पुतण्याशी बोललो. तिकडे वणव्याचा धोका बघून प्रत्येक जागेची पातळी ठरवतात आणि तशी दारं-खिडक्या लावावी लागतात. "काका, इट्स हाय रिस्क. यू चूज द विंडोज, प्लीज," तो म्हणाला. पोरगा इथेच वाढलेला, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. दादाचं म्हणणं अगदी वेगळं. त्याला हवं होतं दोन फळ्यांचं सागवानी दार, पितळी कड्यांचं. आणि रानाकडची अख्खी भिंत काचेची, सगळी तावदानं सताड उघडणारी. जाळी नको, जाळीने अंधार होतो.

"आयुष्यभर लोणच्यासारखा बरणीत राहिलो," तो म्हणाला. "आता तरी झाकण काढू दे."

एका शनिवारी मी कारखान्यातून काचेचे, रबराचे, जाळ्यांचे तुकडे पिशवीत घालून अबुधाबीला गेलो आणि ते त्याच्या जेवणाच्या टेबलावर मांडले.

"वणवा घर कसं जाळतो ठाऊक आहे?" मी विचारलं. "जाळ पोचायच्या आधी ठिणग्या येतात, वाऱ्यावर, कुठून कुठून. दाराखालच्या फटीत बसतात. नायलॉनच्या जाळीला भोक पाडून पडद्यावर पडतात. घर आतून पेटतं."

"सेल्स पिच छान आहे," दादा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी उठून वहिनीच्या देवघरातली कापराची डबी आणली, स्टीलच्या ताटलीत वडी पेटवली आणि तिच्यावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा धरला. तो आक्रसला, वितळला आणि टपकन ताटलीत पडला. मग बारीक पोलादी जाळी धरली. ती काळी झाली, बाकी जशीच्या तशी.

"भाऊजी, देवाचा कापूर आहे तो!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, आणि तेवढ्यात छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. बिल्डिंगचा वॉचमन, ज्याला इथे सगळे नातूर म्हणतात, धापा टाकत वर आला.

"क्या हुआ साब? आग लगी क्या?"

"कुछ नहीं, पूजा है. हो गया, खलास," दादाने सांगितलं. दार लावून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याची छाती पहिल्यापासून नाजूक, जरा धूर झाला की खोकत बसायचा. ठसका थांबल्यावर त्याने ताटलीतला तो वितळलेला गोळा चमच्याने उचलून बघितला आणि मुकाट्याने पेन हातात घेतलं.

मग भराभर ठरत गेलं. सागवान रद्द. पोलादी चौकटीचं भरीव दार, खाली दाबून बसणारी पट्टी, काडेपेटीतली काडीसुद्धा सरकणार नाही अशी. काच जाड, भट्टीत तापवून कडक केलेली. उघडणाऱ्या प्रत्येक तावदानाला बाहेरून पोलादी जाळी. रानाकडच्या बाजूला मात्र मी हात आखडता घेतला: तिथे लहान खिडक्या आणि वरून ओढून घ्यायची धातूची शटर्स.

"मग ती झाडं बघायची कुठून?" दादाने विचारलं.

"अंगणात खुर्ची टाकून बघ."

त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण मी बधलो नाही.

एक गोष्ट मी त्याला त्याच दिवशी सांगितली आणि नंतरही सांगत राहिलो. हे सगळं घरासाठी आहे, दादा, तुझ्यासाठी नाही. खिडकी फक्त वेळ देते. रेडिओवर इशारा आला की गाडीत बसायचं आणि निघायचं, मागे वळून बघायचं नाही. वहिनी मान डोलवायची. दादा म्हणायचा, "हो रे बाबा, इन्शाल्ला." आमचा एसी दुरुस्त करणाराही उद्या येतो म्हणताना असंच म्हणतो, आणि तो कधी येतो ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

घर झालं. दोघं तिकडे गेले, आणि भांडभांड भांडलेला माझा भाऊ त्या खिडक्यांचा भक्त झाला. व्हिडिओ कॉल लावला की आधी शटर वर-खाली करून दाखवायचा. पाहुण्यांना घर दाखवताना देवघराआधी दार दाखवायचा. पुण्याच्या मामांना तर त्याने काच बुलेटप्रूफ असल्याचं ठोकून दिलं होतं. मी त्याची टर उडवायचो, पण मनातून मला फार बरं वाटायचं. ज्याने मला बोट धरून या देशात आणलं, त्याच्या घराला माझा हात लागला होता.

आखातात राहिलेल्या माणसाला एक वळण लागतं आणि ते हाडात मुरतं. बाहेर वाईट असलं की आत यायचं. जुलैत तर बाहेरची हवाच अंगावर येते. उत्तरेकडून धुळीचा वारा सुटला, शमाल म्हणतात त्याला, आणि आकाश पिवळं झालं की आमच्या घराघरात तेच चालतं: खिडक्या तपासायच्या, दाराखाली ओला टॉवेल सारायचा, एसी वाढवायचा, चहा टाकायचा आणि वाट बघायची. संध्याकाळपर्यंत निवळतं. अशा वेळी बाहेर पडणाऱ्याला आम्ही वेड्यात काढतो. मुलांनाही आम्ही हेच शिकवलं, आणि इथे ते कधी चुकलं नाही.

तिकडच्या गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या गोड थंडीत, मी सकाळी ऑफिसात नुकताच येऊन बसलो होतो आणि दादाचा व्हिडिओ कॉल आला.

"हे बघ, अगदी आपला शमाल," तो म्हणाला आणि फोन खिडकीकडे वळवला. आकाश केशरी झालं होतं, तिकडच्या भर दुपारी. बाहेर एक हॉर्न सारखा वाजत होता.

"तो हॉर्न कुणाचा?"

"शेजारीण आहे. हिला गाडीत बसवलंय. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मी आहे घरात. शटर्स ओढलीत, टॉवेल लावलाय दाराला, चहा टाकलाय."

"चहा?" मी एवढ्याने ओरडलो की अख्खं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. "गॅस बंद कर आणि निघ. आत्ता! हा शमाल नाहीये, दादा. हे निवळत नाही."

"तूच निवडल्यास ना सगळ्या खिडक्या?"

"मीच निवडल्या म्हणून सांगतोय! यल्ला, बस गाडीत!"

"मग घाबरतोस कशाला?" तो हसला. मलाच धीर देत होता तो, लहानपणी द्यायचा तसा. मागचा हॉर्न थांबला. मग फोन तुटला आणि पुन्हा लागला नाही.

तो दिवस आणि ती रात्र कशी गेली ते लिहून काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला.

"काका, द हाउस इज स्टँडिंग," तो म्हणाला. "नॉट अ सिंगल विंडो इज ब्रोकन."

मी आनंदाने टेबलावर हात आपटला. खरंच आपटला. माझ्या काचा टिकल्या होत्या.

"बाबा इज गॉन, काका," तो म्हणाला. "द स्मोक."

ठिणगी अडवता येते. धूर अडवणारं घर मला अजून कुणी दाखवलेलं नाही. दादा न्हाणीघरात सापडला, तोंडाला ओला पंचा धरलेला. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती.

मला व्हिसा वेळेत मिळाला नाही, त्यामुळे त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. पुढे वहिनी अस्थी घेऊन नाशिकला निघाली तेव्हा वाटेत दुबईला, इंटरनॅशनल सिटीत आमच्याकडे थांबली. ती येणार म्हटल्यावर मी मनात सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती: काच कशी टिकली, पट्ट्या कशा टिकल्या, छातीचा जुना त्रास, धुराचं काय असतं. जेवणं झाल्यावर मी सुरुवात केली.

"वहिनी, खिडक्यांमध्ये तसं काही कमी नव्हतं..."

"ठाऊक आहे मला, भाऊजी," ती म्हणाली. "परत गेले तेव्हा एकेक खिडकी हात लावून बघितली मी. कुठे तडासुद्धा नाही."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी निभावून नेलं असतं.

"मी गाडीतून हाका मारत होते. ह्यांनी आतून हात केला, जा म्हणून. काय खुशीत होते!" तिने पदर सारखा केला. "एखादं जुनं, भाड्याचं घर असतं ना भाऊजी, तर हे माझ्या आधी गाडीत बसले असते."