जित्राब अडकलंय, ओव्हर

सोलापूर जिल्ह्यात पूर आलाय, फ्लड रिलीफला आमची तुकडी, म्हणजे कॉलम, निघणार, हा हुकूम आला तेव्हा माझ्या पेन्शनीला वर्षसुद्धा उरलं नव्हतं. मी इंजिनिअर रेजिमेंटचा हवालदार, मूळचा वैरागचा. एक गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे मेडिकल कॅटेगरी खालची. मला कोणी निवडणार नव्हतंच. पण सुभेदार साहेब म्हणाले, काळे, तुझाच जिल्हा आहे, बोली येते, रस्ते माहीत आहेत, येतोस का? असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? गेलो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बोटींची वाटणी झाली. चांगल्या बोटी आणि चांगली माणसं आधीच ठरलेली होती. मला मिळाली बोट थ्री. फायबरची, बुडाला तीन ठिकाणी ठिगळ, आणि मागे लावायचं इंजिन, ज्याला आम्ही ओबीएम म्हणतो, ते मनात आलं तरच सुरू व्हायचं. क्रू म्हणून मिळाले ते दुसऱ्या कोणाला नको असलेले. इंजिनवर नाईक गुरमीत. हात सोन्याचे, पण तोंडाला लगाम नाही, म्हणून वर्कशॉपमधून बाहेर काढलेला. पोहायला सॅपर, म्हणजे आमच्याकडचा साधा जवान, शफी, सोलापूर शहरातला, बॉक्सिंग टीममधून वजन वाढलं म्हणून परत आलेला. आणि सेटवर, म्हणजे वायरलेसवर, दुधनीचा सॅपर बसवराज. ह्या बाबाला बोटीत बसलं की उलटी व्हायची. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये आणि बोट लागते! मी सुभेदार साहेबांकडे नुसतं बघितलं. त्यांनी दुसरीकडे बघितलं.

हे तिघे बॅरेकमध्ये रोज संध्याकाळी गुरमीतच्या मोबाइलवर एक मालिका बघायचे. अंतराळातली, हिंदीत डब केलेली. त्यात एक जहाज असतं, पण ते कारखान्यात बांधलेलं नाही, वाढलेलं असतं. श्वास घेतं, दुखलं की कण्हतं, रुसलं की जागचं हलत नाही. त्यावरची माणसं म्हणजे सगळा उकिरडा: नोकरीवरून हाकललेला एक नकाशावाला, एक चोर बाई, खोट्या पदवीची एक डॉक्टरीण आणि एक जण जो कोणाशी बोलतच नाही. त्यांना दुसरं कोणी घेत नाही आणि ते जहाज दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. मला हे सगळं पोरकट वाटायचं, आणि मी तसं तोंडावर सांगायचो. तरी चहाचा मग घेऊन मागे उभा राहायचो, हेही खरं.

बोट थ्री मिळाली त्या दिवशी शफी म्हणाला, उस्ताद, ये तो अपना जहाज है जी. बसवराज तेव्हा सेट आणायला गेला होता. गुरमीतने इंजिनावर थाप मारली आणि ते दोरीच्या पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मी म्हणालो, आमच्या वैरागकडे जिवंत जनावराला जित्राब म्हणतात. हे तुमचं जहाज बिहाज काही नाही, हे जित्राब आहे. झालं. सकाळी फॉल-इनच्या आधी बोटीच्या नाकावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: जित्राब.

आमचे कॉलम कमांडर कॅप्टन नेगी. गढवालचे, वय सत्तावीस-अठ्ठावीस, शांत माणूस. त्यांनी ते वाचलं आणि मला बाजूला घेऊन मतलब विचारला. मी म्हणालो, जानवर, साब. त्यावर ते जे ओरडले, ते आजूबाजूच्या गावाला ऐकू गेलं असेल. सरकारी बोट आहे, तमाशा नाही, आत्ताच्या आत्ता पुसा. आम्ही डिझेल लावून पुसलं. अक्षरं गेली, नाव मात्र राहिलं. बसवराज तर त्या दिवसापासून, सेटवरची पहिली हाक सोडली तर, बोट थ्री म्हणायचंच विसरला.

सीना नदीच्या काठावर एका शाळेत कंट्रोल उभारलं होतं. काम काय असतं ते सांगतो, कारण सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पाण्यात उड्या मारतो. सकाळी बोट उतरवायची, वस्ती गाठायची, छतावरच्या माणसांना समजावायचं, आणायचं, परत जायचं. यातलं समजावणं सगळ्यात अवघड. माणूस गाय सोडून बोटीत बसत नाही. म्हणतो, आदी माझी गाय घ्या. मी तरी त्याच मातीतला, मला ते कळतं. पण बोटीत गाय मावत नाही. आणि कंट्रोलला दिवसभर फोन, अमक्याचं जित्राब अडकलंय, तमक्याचं जित्राब वाहून चाललंय. शेवटी नेगी साहेबांनी हुकूम दिला: जनावरांचा मेसेज लिहून घ्या, पण त्यासाठी बोट सोडायची नाही. आधी माणसं. बरोबरच होता हुकूम.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका वस्तीवर गेलो. पत्र्याच्या घरावर पाच जण होते. अंबादासनाना म्हणून सत्तरीचे एक आजोबा, त्यांची सून सुरेखा, तिच्या कुशीत दोन-अडीच महिन्यांचं बाळ आणि शेजारचं एक जोडपं. नाना गाईसाठी अडून बसले. मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं, नाना, आधी माणसं. शेवटी त्यांनी स्वतः गाईचं दावं सोडलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बोटीत बसले. मलाही वाईट वाटलं. पण सुनेच्या मांडीवरचं लेकरू बघितलं आणि निघालो.

परतीच्या वाटेवर पाणी एकदम चढलं. मी नेहमीची वाट सोडून जरा आतून बोट घ्यायला सांगितलं, तिथे धार कमी दिसत होती. पाण्याखाली द्राक्षबाग होती. द्राक्षाच्या वेलींना लोखंडी अँगल रोवून तारा ताणलेल्या असतात. इंजिनाच्या पंख्याने त्या तारा गुंडाळून घेतल्या, कड्‌ आवाज आला आणि इंजिन बंद. गुरमीतने ते उचलून बघितलं. पंख्याची पिन तुटली होती. पाण्यात जोडता येण्यासारखं ते काम नव्हतं.

शफी कटर घेऊन पाण्यात उतरला. कमरेला दोरी, दोरीचं टोक माझ्या हातात. दोन-तीन तारा तोडून वर आला, दम घेतला आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, सब नक्को काटेंगे. खाली कोल्हापुरी बंधारा है."

मी बघितलं. खाली दोन फर्लांगांवर बंधारा होता आणि त्यावरून पाणी पांढरं होऊन उडी मारत होतं. इंजिन बंद आहे, ह्या तारा तुटल्या तर आम्ही सरळ तिकडे जाणार, आणि तिथून बोट सरळ खाली जात नाही, उलटते. ज्या तारांनी आम्हाला धरलं होतं, त्याच वाचवत होत्या. पण अँगल चिखलात रोवलेले. शफीच्या हाताला त्यातला एक हलताना लागला होता. मी त्याला वर घेतलं.

मी नाना आणि सुरेखाला खाली बसवत होतो. एका हातात बोटीचा दोर, दुसऱ्यात लाइफ जॅकेट. बसवराजला ओरडून सांगितलं, कंट्रोलला कळव. नियमाने वायरलेसवर हिंदी बोलायचं, पण कंट्रोलवर बसलेला ऑपरेटर बीडकडचा, त्यामुळे घाईत दोघं मराठीवर यायचे. बसवराजचा चेहरा हिरवा झालेला, पण आवाज पक्का.

"कंट्रोल, बोट थ्रीवरून बोलतोय. जित्राब अडकलंय. द्राक्षाच्या तारेत. पाणी वाढतंय. मदत पाठवा. ओव्हर."

"किती हाईत? ओव्हर."

"एकच. ओव्हर."

"कुणाचं? ओव्हर."

"आमचंच की. ओव्हर."

"रॉजर. वेट. आऊट."

बसवराजने अंगठा दाखवला. मीही सुटकेचा श्वास टाकला. मग सेटची बॅटरी गेली. सकाळपासून ती रडतच होती.

आम्ही वाट बघत बसलो. पाणी इंचाइंचाने चढत होतं. बाळ रडायला लागलं. मी शफीला म्हणालो, बोल काहीतरी, ह्यांचं लक्ष दुसरीकडे लाव. त्या पठ्ठ्याला दुसरं काय सुचणार? त्याने नानांना आपल्या दख्खनी-मराठीत त्या जिवंत जहाजाची गोष्ट सांगायला घेतली. कसं ते श्वास घेतं, कसं त्याला दुखतं, कसे ते चार टाकाऊ लोक त्याला सोडून जात नाहीत. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोटाला काय घालता त्याला?" गुरमीत त्या परिस्थितीतही हसला. सुरेखासुद्धा हसली.

मग नाना म्हणाले, "म्हंजी हे बी तुमचं जित्राबच म्हणा."

"व्हय नाना," बसवराज म्हणाला. "नावच त्ये हाय. आता कळवलं की कंट्रोलला, जित्राब अडकलंय म्हणून. येतील आता."

नाना माझ्याकडे वळले.

"कशाला येतील त्ये? जित्राबाला बोट सोडत न्हाईत न्हवं? तुमीच मगाशी म्हणला, आदी माणसं."

मी ते सेटवरचं बोलणं मनात परत ऐकलं. किती हाईत, एकच, कुणाचं, आमचंच. सगळं कानावरून गेलं होतं आणि मला कळलं नव्हतं. मी बसवराजला विचारलं, अरे येड्या, जित्राब म्हणजे काय माहीत आहे का तुला? तो म्हणाला, आपली बोट. त्याच्या घरात कानडी. जनावराला ते दना म्हणतात. जित्राब हा शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा वाचला तो आमच्या बोटीच्या नाकावर! आता ह्याच्यावर रागवायचं कसं? शब्द तर मीच दिला होता.

तेवढ्यात एक अँगल उपटला. बोट हातभर सरकली आणि दुसऱ्या तारेवर येऊन थांबली. शेजारच्या बाईने डोळे मिटून घेतले. गुरमीतने इंजिनावर हात ठेवला आणि पंजाबीत काहीतरी पुटपुटला. मला विचाराल तर मी सरळ घाबरलो होतो. नोकरीत बऱ्याचदा घाबरलो, पण मांडीवरच्या लेकरासकट कधी नाही. मी लाइफ जॅकेट तपासली, बाळाला सुरेखाच्या जॅकेटच्या आत बांधलं आणि शफीला सांगितलं, सुटलो तर तू फक्त ह्या दोघांना धरायचं, बाकी कोणाकडे बघायचं नाही. तो फक्त, जी उस्ताद, म्हणाला.

आणि मग वरच्या बाजूने इंजिनाचा आवाज आला. त्या आवाजाबद्दल काय सांगू? मी पोरांच्या देखत रडलो. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

बोट टूमध्ये पुढे नेगी साहेब स्वतः उभे होते. कंट्रोलवर काय झालं ते नंतर कळलं. साहेब पाहणीवरून परत आले आणि त्यांनी विचारलं, बोट थ्री कुठे आहे? ऑपरेटर म्हणाला, साब, मालूम नहीं, लेकिन उनका एक जित्राब फँसा है, हुकूम आहे म्हणून बोट सोडली नाही. हा शेतकऱ्याचा मुलगा, त्याला जित्राब म्हणजे काय ते आईच्या पोटातून माहीत. आणि गढवालच्या साहेबांना तो शब्द माहीत होता तो फक्त एका जागी रंगवलेला, ज्यावरून ते घसा फुटेस्तोवर ओरडले होते. साहेब म्हणाले, अरे, वो जानवर नहीं, वो बोट है, आणि तसेच धावत सुटले. बोट टूचा क्रू जेवायला बसला होता, ताटावरून उठवला आणि आमच्या वस्तीच्या वाटेवरच्या द्राक्षबागा शोधत आले.

आमच्याजवळ बोट आणता येत नव्हती, तारांचं भय. दोर फेकायचा होता. साहेबांनी पहिल्यांदा फेकला, तो आमच्या मागे पडला. दुसऱ्यांदा फेकला, तो पार भलतीकडे, बांधाच्या बाभळीत. ज्याने त्यांना हे शिकवलं, त्या उस्तादाला मी मनात दोन शिव्या घातल्या. तिसरा दोर गुरमीतच्या छातीवर आला. त्याने बांधला, शफीने खाली जाऊन शेवटच्या तारा तोडल्या आणि आम्ही निघालो.

काठावर उतरल्यावर साहेब माझ्यासमोर आले. मी सावधान झालो. ते म्हणाले, "काळे, कितने जानवर थे?"

"एकच, साब."

"उसको चारा-पानी दो," म्हणाले आणि निघून गेले.

नानांची गाय दुसऱ्या दिवशी कॅनॉलच्या भरावावर उभी सापडली, रवंथ करत. नानांचा निरोप आला तेव्हा बसवराजने मला दोनदा विचारून खात्री केली की हे खरं जनावर आहे ना. सुरेखाचं लेकरू आता शाळेत जातं. मी सोलापूरच्या नव्या पेठेत एका कापड दुकानात काम करतो, दिवाळीला ते सगळे खरेदीला येतात आणि नाना दर वेळी दुकानदाराला ती गोष्ट नव्याने सांगतात. ऐकताना मला अजून तेवढंच हायसं वाटतं.

नेगी साहेब पुढच्याच वर्षी सीमेवर गेले. सुरुंग काढायचं काम चालू होतं, त्यातला एक फुटला. मी तोवर घरी आलो होतो. गुरमीतचा फोन आला, रडत रडत फक्त नेगी साहेब एवढंच म्हणाला, त्यावरूनच मला समजलं. आम्ही चौघं मग त्यांच्या गावी गेलो. रस्त्याच्या वळणांवर बसवराजला बोट लागते तशी गाडी लागली.

डोंगराच्या पोटात छोटं घर. वडील बोलत होते, आई नुसत्या बसून होत्या. कोणी आलं की सगळे शौर्याच्या गोष्टी सांगतात, त्यांनी त्या बऱ्याच ऐकल्या असतील. मला भाषण येत नाही. मी हा पुराचा दिवस सांगितला, जसा झाला तसा. पहिला दोर मागे पडला, दुसरा बाभळीत गेला, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर वाटलं, हे नको होतं सांगायला.

तर माताजी हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, लहानपणापासून असाच आहे तो, दगड आंब्याला मारायचा आणि लागायचा शेजाऱ्याच्या कौलाला. वडील त्यांच्याकडे बघतच राहिले. नंतर अंगणात मला म्हणाले, चार महिन्यांनी हसली ती आज.

निघताना माताजींनी माझा हात धरला आणि दोराचं तेवढं परत सांगायला लावलं. मी खाली बसलो आणि परत सांगितलं.