तुळसाच्या वाट्याचा उकिरडा

बापाचं, नानांचं बारावं आटोपलं, पाहुणे हात धुऊन घरापुढच्या खळ्यात बसले, आणि गुणाजीने बहिणीच्या वाट्याची गोष्ट काढली. तारकर्लीच्या त्या वाडीत आजवर एकाही मुलीला बापाकडून जमीन मिळाली नव्हती, आणि तुळसाने ती मागितलीही नव्हती. पण मालवणच्या कोर्टात जाऊन आलेल्या कुणीतरी गुणाजीच्या कानावर घातलं होतं, की सरकारने नवा कायदा केलाय, आता मुलगीसुद्धा वाटेकरी. तुळसा तर नवऱ्याने दुसरी आणली म्हणून देवबागहून कायमची माहेरी आलेली. उद्या ती घरातच वाटा मागून बसली तर? त्यापेक्षा चार माणसांदेखत काहीतरी देऊन मोकळं व्हावं म्हणून त्याने घरामागची, समुद्राकडची पट्टी तिला देऊन टाकली.

ती पट्टी म्हणजे अख्ख्या वाडीचा उकिरडा होता.

वाडीचा मानकरी सहदेव पान चघळायचा थांबला. ही आता रडेल किंवा भांडेल, अशी सगळ्यांची अटकळ होती. तुळसा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माका चालात," ती म्हणाली. "सहदेवकाका, तुमी आयकलात मां? ती जागा आता माझी."

दुसऱ्या दिवशी तिने तिथे चार खांब रोवले, माडाच्या चुडतांचं छप्पर घातलं आणि आपलं बोचकं नेऊन ठेवलं.

उकिरड्यावर राहणं म्हणजे काय, ते तिला लगेच कळलं. सकाळ झाली की वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन येत आणि सवयीने तिथेच पालथ्या करीत. माशांची आतडी, खवले, चुलीतली राख, नारळाची सोडणं, खापऱ्या, कंदिलाच्या फुटक्या काचा, फाटकी जाळी, सगळं एकात एक. वर कावळे-घारी, खाली कुत्री. भात वाढून घ्यावा तर शितावर माशी. महिनाभरात ही गाशा गुंडाळून भावाच्या पाया पडायला जाईल, असं वाडीत बोललं जाऊ लागलं. ते तुळसाच्या कानावर आलं, आणि मग तर तिने मनाशी पक्कंच केलं, की आपण इथून हलायचं नाही.

पण नुसतं न हलून पोट भरत नाही. देवबागला तिची सासू माडाच्या मुळाशी कुजके तारले मासे पुरायची आणि भोवती सोडणं उलटी गाडायची, म्हणजे पुळणीच्या वाळूतसुद्धा ओल धरून राहायची. सासूने तिला दुसरं काही दिलं नव्हतं; एवढं मात्र तुळसाने डोळ्यांनी पाहून घेतलं होतं. तिने फावडं घेतलं आणि खणायला सुरुवात केली. एका खड्ड्यात मासळीची घाण, तिच्यावर राख, त्यावर वाळू. दुसऱ्यात पालापाचोळा आणि केर. काचा-खापऱ्या वेचून कोपऱ्यात खोल गाडल्या. करवंट्या चुलीत. जुना ढीग उपसताना पायांत काचा घुसल्या, बोटं चिघळली. वास तर असा अंगाला चिकटला की बावीवर पाणी भरायला गेली की बायका कळश्या उचलून बाजूला सरत.

जुना ढीग आटोक्यात आला तेव्हा तिने पट्टीला वयीचं कुंपण घातलं आणि एका सकाळी वाटेतच उभी राहिली. टोपल्या घेऊन आलेल्या बायकांच्या पुढे होती गोदूबाई, वाडीतली सगळ्यांत जुनी मासे विकणारी. मालवणच्या बाजारात तिच्या जिभेला पुरुष वचकून असत.

"आमी आजयेच्या वेळेपासून हंयच टाकतंव," गोदूबाई म्हणाली. "सर बाजूक."

"टाका. माका ता होयाच आसा," तुळसा म्हणाली. "पण येगळा येगळा करून घेवन येवा. काय टाकूचा नि खंय टाकूचा, ता आता मी सांगतलंय."

गोदूबाईने टोपली तिच्या पायांशीच ओतली. तुळसा खाली बसली. सगळ्यांसमोर तिने हातांनी तो केर निवडला, आतडी एका बाजूला, राख एका बाजूला, आणि कंदिलाची फुटकी काच केळीच्या पानात गुंडाळून गोदूबाईच्या हातात परत दिली. गोदूबाई रागाने लाल झाली. त्या दिवसापासून वाडीने ठरवलं, की तुळसाच्या जागेत काडीसुद्धा टाकायची नाही. बायका घाण सरळ किनाऱ्यावर नेऊन टाकू लागल्या. ज्यांना तेवढं चालायचाही कंटाळा होता त्या बावीच्या मागच्या खाचरात टाकत.

तुळसाचे खड्डे रिकामे राहू लागले. तिने नुकत्याच लावलेल्या माडांच्या रोपांना घालायला काही उरलं नाही. तेव्हा तिने वाडीत कुणी स्वप्नातही केलं नसतं ते केलं. टोपली डोक्यावर घेतली आणि घरोघर केर मागत फिरली. काही दारं लागली, काही ठिकाणी तिच्या अंगावर पाणी फेकलं गेलं. गुणाजी वाटेत आडवा आला आणि म्हणाला, की तिने बापाचं नाव मातीत घातलं. सहदेवनेही तिला बोलावून घेतलं. तो माणूस तसा वाईट नव्हता. दुसऱ्याची घाण वाहणं हे आपल्या लोकांचं काम नव्हे, चार लोक हसतात, असं त्याने तिला समजुतीने सांगून पाहिलं.

"घाण करताना तुमका लाज वाटणा नाय," तुळसा म्हणाली, "मगे ती उचलताना माका कित्याक वाटात?"

तुळसाने टोपली उचलली आणि त्याच्याच मागच्या दारी जाऊन केर मागितला. त्याच्या बायकोने तो दिला.

त्या पावसाळ्यात उधाणाने किनाऱ्यावरचं सगळं परत आणलं. बायकांनी समुद्राला दिलेली सोडणं, माशांची डोकी, चिंध्या खळ्याखळ्यांत येऊन पडली आणि कुजली. बावीचं पाणी वास मारू लागलं. पोरांना जुलाब लागले, म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली. गोदूबाईची नात तर हाताला लागते की नाही अशी झाली होती. ती वाचली. तुळसा तिला बघायला गेली नाही. गेली असती तर दारातून परत पाठवली असती, हे तिला ठाऊक होतं.

पाऊस ओसरल्यावर एका सकाळी गोदूबाई वयीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर एक टोपली, काखेत दुसरी. चुकलं असं ती म्हणाली नाही, आणि तुळसानेही त्याची वाट पाहिली नाही.

"ह्यात आतडी. ह्यात राख," गोदूबाई म्हणाली. "खंय ओतू?"

तुळसाने बोटाने दाखवलं. गोदूबाईने ओतलं, वर फावड्याने वाळूही ओढली, आणि जाताना वांग्याच्या रोपांकडे एकदा नीट पाहून घेतलं. तिच्यामागून बाकीच्या आल्या. काही जणी सुधारल्या नाहीतच, त्यांच्या टोपल्या तुळसा वाटेवरूनच परत पाठवी. मग त्यांनाही निवडून आणायची सवय लागली. बावीमागचं खाचर बायकांनी स्वतःच उपसलं. तुळसाच्या वाफ्यांत तांबडी भाजी, मिरच्या, अळू डोलू लागलं. ज्या दारातून केर येई त्या दारात भाजीची जुडी जाई, आणि तिच्या चुलीवर बांगड्याचं कालवण शिजे.

साठ साल उलटलं तेव्हा गुणाजीने वाडीतलं पहिलं नायलॉनचं जाळं आणलं. पुढे एका हंगामात त्याचे फाटके तुकडे त्याच्या घरच्या केरातून तुळसाच्या खड्ड्यात आले. पुढल्या वर्षी खड्डा उपसला तर आत काळंभोर खत, आणि जाळं गेलं होतं तसंच. त्यात एका कोंबडीचा पाय अडकून मोडला. सुती जाळं कधीच असं वागलं नव्हतं. तुळसाने तो सगळा गुंता ओढत नेला आणि भावाच्या खळ्यात टाकला.

"ह्या जाळा कुजणा नाय, म्हणान तर घेतलंय," गुणाजी जरा ऐटीतच म्हणाला.

"मगे ता तुझ्याच खळ्यात र्‍हवांदे. माझ्या खड्ड्यात कुजता ताच येतला."

गुणाजी चिडला, पण त्याच्या बायकोने ते तुकडे जोडून सुकत घातलेल्या मासळीवर पसरले. कावळ्यांचा त्रास गेला. हळूहळू वाडीतले बाकीचेही फाटकं नायलॉन तसंच वापरू लागले.

माड फळ धरायला लागले तेव्हा गुणाजीला हाव सुटली. उकिरडा म्हणून दिलेली पट्टी आता वाडीतली सर्वांत हिरवी जागा होती. एका सकाळी तो सहदेवला घेऊन आला. जागा राहण्यापुरती दिली होती, कसण्यासाठी नव्हे, असं त्याचं म्हणणं. तिने घरातली मागची खोली घ्यावी, दोन वेळचं जेवण मिळेल, आणि बाग घराला जोडली जाईल. टोपल्या घेऊन आलेल्या बायका तशाच उभ्या राहिल्या.

तुळसाने हातातलं फावडं वाळूत रोवलं.

"दादा, तू माका उकिरडो दिलंस," ती म्हणाली. "ह्या जागेत तुझो उकिरडो खंय आसा तो दाखव, आनी घेवन जा."

गुणाजीने इकडे तिकडे पाहिलं. मग सहदेवकडे पाहिलं.

"त्या दिसा मी थंय होतंय, गुणाजी," सहदेव हळूच म्हणाला. "दिली, इतक्याच म्हणालंस."

गुणाजी तसाच मागे फिरला. पुढे तो बहिणीशी कधी बोलला नाही, आणि तीही त्याची पायरी चढली नाही. त्याची बायको मात्र रोज केर आणीत राहिली.

त्या सकाळी बायकांनी टोपल्या ओतल्या तेव्हा खड्डा काठोकाठ भरला. तुळसाने पदर खोचला, चार पावलं पलीकडे फावड्याच्या टोकाने वाळूवर चौकोन आखला, आणि नवा खड्डा खणायला घेतला.